पिनेवरचं कुंकू

मित्रांनो, मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे. पिंगळीच्या रेल्वे स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर पंचफुलाबाई राहते, तिच्या घरात मी खुंटीला टांगलेली असते. माझ्या पोटाला उभी चीर आहे. सहा तारांपैकी दोनच उरल्यात, त्याही गंजलेल्या. मला वाजवायला कुणी हात लावत नाही आणि लावावा अशी माझीही आता इच्छा नाही. पण जे पाहिलं ते बोलून टाकल्याशिवाय जीवाला थारा नाही. कीर्तनकार बुवा समोरच्या मंडळींना हात जोडतात आणि मगच कथा लावतात. मला हात नाहीत, तेव्हा जोडलेच असं समजा आणि ऐका.

माझा जन्म कलकत्त्याचा. हार्मोनियमच्या पेट्या करणाऱ्या एका कारागिरानं उरलेल्या सागवानातून मला कोरलं. तिथून मी सिकंदराबादला एका हौशी रेल्वे कारकुनाकडे आले. त्याचं लग्न झालं, हौस फिटली आणि एका गार्डाच्या डब्यातून मी परभणीला पोचले. तिथल्या वाद्यांच्या दुकानात तबले, ढोलक्या आणि एकतारी यांच्या मागं मला टांगलं. लोक यायचे, टाळ घ्यायचे, मृदंगाला शाई भरून न्यायचे. माझ्याकडे बघून म्हणायचे, "हे काय नवं लफडं?" आणि पुढं सरकायचे. माझ्या अंगावर धुळीचा थर बसला तो तिथं.

मग एका भर दुपारी सांबप्पा आला.

सांबप्पा ताडकळसचा. घरचं किराणा दुकान. थोरला भाऊ मन्मथअप्पा तराजू सांभाळायचा आणि सांबप्पा परभणीच्या रसरंग ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचा. बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार. तिच्याकडे मुद्दाम कुणी कान देत नाही, पण ती थांबली की गाणं मटकन खाली बसतं. ती बेसही त्याच्या मालकीची नव्हती, ऑर्केस्ट्राचे मालक दत्तराव यांची होती. दत्तराव त्या दिवशी त्याच्या सोबतच होते.

"हे बघ सांबप्पा," दत्तराव म्हणाले, "दिवाळीनंतर मी कीबोर्ड आणायलोय. कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातात तुझा बेस येतो आता. मग तुझं काय काम? लीड गिटारवाला, गाण्याची चाल काढणारा, मात्र मला पाहिजे. कोजागिरीला सेलूत कार्यक्रम हाय. तवर शिकलास तर जागा तुझी. न्हाई तर भावाच्या दुकानात गूळ तोल."

दुकानदार हसला. "अहो, ज्याला चार तारा पुरतात तो सहाचं काय लोणचं घालणार?"

"चार सांभाळल्या, अजून दोन पोसू," सांबप्पा म्हणाला.

दत्तरावांना एक नवी लालभडक गिटार आवडली. स्टेजवर चमकेल म्हणाले. सांबप्पानं ती उचलली, बंदुकीसारखी डोळ्यापुढं धरली आणि तिच्या मानेवरून नजर टाकली. "मान वाकडी हाय," म्हणाला आणि खाली ठेवली. मग त्यानं मला ओढून काढलं. धोतराच्या सोग्यानं पुसावं तसं सदऱ्याच्या टोकानं पुसलं. मानेवरून नजर फिरवली. एक तार छेडली आणि माझ्या पाठीला कान लावून ती विझेपर्यंत ऐकत राहिला. मित्रांनो, इतक्या वर्षांत मला कुणी असं शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं.

"हीच," तो म्हणाला.

"अन् हिचा डबा?" दुकानदारानं विचारलं. डबा म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर. त्याच्याशिवाय माझा आवाज डासाच्या गुणगुणीपेक्षा मोठा नाही. पण डब्याची किंमत ऐकून सांबप्पानं मान हलवली. चांगली गिटार किंवा डबा, दोन्ही त्याच्या आवाक्यात नव्हतं. "आवाजाचं बघून घेऊ," म्हणाला, "आमचा लिंबाजी हाय."

लिंबाजी ताडकळसच्या स्टँडजवळ रेडिओ दुरुस्त करायचा. शाळेत दोघं एका बाकावर. त्याच्या दुकानाच्या भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर होती, खाली रोज ताजी फुलं असायची. विद्यापीठाच्या नामांतरावरून गावागावात तेव्हा मनं फाटलेली. काही लोक त्याच्या दुकानासमोरून जाताना तोंड फिरवून जायचे, आणि रेडिओ बिघडला की अंधार पडल्यावर आणून द्यायचे. सांबप्पा मात्र दिवसाढवळ्या जायचा, त्याच्याच कपातला चहा प्यायचा आणि भावाच्या शिव्या खायचा.

लिंबाजीनं सांबप्पाच्या घरचा जुना काचेच्या वाल्व्हचा रेडिओ उघडला. मागं ग्रामोफोन जोडायची भोकं होती. तिथं माझी वायर जोडली. सांबप्पानं तार छेडली आणि रेडिओतून मी बोलले! असा भरघोस, उबदार आवाज माझा आहे हे मलाच ठाऊक नव्हतं.

"खुश होऊ नको एवढा," लिंबाजी म्हणाला. "नीट ऐक. ह्या रेडिओच्या आतल्या पत्र्यात करंट येतो, ही दोन पायांची पिन उलटी लागली की. अन् तो पत्रा आता तुझ्या तारांना जोडलेला हाय. पिन सुलटी असंल तर फिकीर न्हाई. उलटी लागली तर तार धरली की संपलं."

"मग सुलटी कोणती?"

लिंबाजीनं टेस्टर लावून पाहिलं आणि पिनेच्या एका बाजूवर नख ठेवलं. "ही. ही बाजू कायम छताकडं. खूण कर. अन् वाजवताना पायाखाली लाकडी पाट घेत जा. खरं म्हणशील तर मधी एक ट्रान्सफॉर्मर टाकू, म्हंजे कायमचं बिनघोर."

"कोजागिरी होऊ दे, टाकू," सांबप्पा म्हणाला.

खूण करायला त्याला घरात दुसरं काही सापडलं नाही. त्याची बायको नागूबाई देवळीसमोर बसून कपाळाला आधी मेण, मग त्यावर कुंकू लावत होती. त्यानं तिच्या करंड्यातून मेण घेतलं, कुंकू घेतलं आणि पिनेच्या त्या बाजूवर टिळा लावला.

"अवो! पिनेचं लगीन लावायलाव का काय?"

"व्हय. लिंबाजीनं मुहूर्त काढला."

ती हसली, तोही हसला. पण टिळा कशाचा हे त्यानं सांगितलं नाही. ती विजेला भ्यायची, बल्बचं बटणसुद्धा पदरात बोट गुंडाळून दाबायची. तिच्या जीवाला घोर नको म्हणून तो गप्प बसला. मित्रांनो, सगळं तिथं घडलं. पुढचं नुसतं उलगडत गेलं.

मग आमची शिकवणी सुरू झाली. बेसवाल्याचं बोट ते, जाड तारांना सवकलेलं. पहिल्याच दिवशी त्यानं माझी बारीक तार तोडली. "नाजूक बाई हाय ही," म्हणाला. हळूहळू त्याचा हात हलका झाला. सिनेमाची गाणी कोजागिरीसाठी. पण आधी तो शिवकीर्तनातली एखादी चाल वाजवायचा, लहानपणी सप्ताहाच्या मांडवात आईच्या मांडीवर झोपता झोपता ऐकलेली. ती लागली की नागूबाई चुलीवरची भाकरी उलटायची विसरायची.

"ही वाजवा की कोजागिरीला," ती म्हणायची.

"लोक मारतील मला."

"मारू द्या. देव तर ऐकंल."

मन्मथअप्पा दारातून ओरडायचा, "वाण्याच्या पोरानं तराजू धरावा, तारा न्हाई! गिऱ्हाईक खोळंबलंय, अन् हा इथं टुंगटुंग!" पण मी पाहिलंय, तोही कधी कधी कडधान्याच्या पोत्याला टेकून चाल संपेपर्यंत उभा राहायचा आणि मग उगाच खाकरून निघून जायचा.

नवरात्र आलं. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं, अवजारं पूजतात. त्या दिवशी कुठलंही काम करायचं नाही, अवजाराला विश्रांती. नागूबाईनं तराजू, मापं, विळी, कुऱ्हाड सगळं घासून ठेवलं. सांबप्पाचा वाजवताना पायाखाली घ्यायचा पाट धुतला, त्यावर कोरं कापड अंथरलं आणि सगळी हत्यारं मांडली. मलाही मधोमध ठेवलं. रेडिओची पिन भिंतीतून काढून माझ्या शेजारी ठेवली. मला झेंडूची माळ घातली. मित्रांनो, मी धन्य झाले होते. दुकानात मला लफडं म्हणत, आणि इथं मी देवाच्या पंगतीला!

नागूबाईनं पिनही ओल्या फडक्यानं पुसली. मेणातला टिळा निघाला नाही. तिनं पिन उलटी करून पाहिली. दुसरी बाजू कोरी.

"हे काय बाई," ती आपल्याशीच बोलली, "अर्ध्या अंगाला कुंकू आणि अर्धं उघडं? असं कुठं असतंय?"

तिनं करंडा आणला. मेण घेतलं, कुंकू घेतलं आणि दुसऱ्या बाजूलाही तसाच टिळा लावला. मनापासून लावला, बोट थरथरू न देता. मी सगळं बघत होते. मला तारा आहेत, तोंड नाही.

दसऱ्याची सकाळ. पूजा अजून उठवायची होती, पाट तसाच देवळीपुढं. नागूबाईनं ओसरी सारवली होती, जमीन ओली होती. सांबप्पा अंघोळ करून आला, कपाळाला विभूतीचे पट्टे, पायात काही नाही. "दसऱ्याचा पहिला सूर लावतो," म्हणाला. मला उचललं, माळ सरकवून ठेवली. पाट पूजेत गुंतलेला दिसला तेव्हा म्हणाला, "जाऊ दे, एवढंसं तर वाजवायचंय." पिन हातात घेतली. टिळा दिसला. टिळा छताकडं करून लावली.

रेडिओचे दिवे लागायला थोडा वेळ जातो. तो उभा होता. मग त्यानं डाव्या हातानं माझी मान धरली आणि उजव्या हातानं तार.

त्यापुढचं मी तुम्हाला नीट सांगू शकत नाही. माझ्या सहाही तारांतून काहीतरी आलं ते माझं नव्हतं. त्याची बोटं मिटली ती उघडेनात. लोक नंतर म्हणाले, किती जीव होता वाद्यावर, मरताना सोडलं नाही. तसं नाही, मित्रांनो. तो सोडायला धडपडत होता. मन्मथअप्पा धावत आला, दाराचा लाकडी अडसर उचलला आणि माझ्या पोटावर घातला. ही चीर त्या घावाची. मी बाजूला पडले. सांबप्पा ओल्या सारवणावर पडला. नागूबाईच्या हातात आपट्याची पानं होती.

त्याच दिवशी माती झाली. तिसऱ्या दिवशी घरात माणसं बसली होती. नागूबाई अंगणातल्या आडाच्या काठाशी बसलेली, कपाळाला नुसती विभूती. दोन बायका तिचा पदर धरून होत्या, कारण आदल्या दिवशी ती आडात वाकली होती.

लिंबाजी आला. कुणी बस म्हटलं नाही. तो सरळ रेडिओकडे गेला, पिन उचलली आणि एका बाजूनं पाहिली. मग उलटी केली. दोन्ही अंगाला टिळा. त्यानं मान वळवून आडाकडे पाहिलं, तिच्या कुंकवाविना कपाळाकडे पाहिलं. त्याला कळलं. आणि त्याला कळलं हे मला कळलं.

"कशानं झालं रे?" मन्मथअप्पाचा आवाज फाटलेला. "जोडून तूच दिलं होतंस ना?"

लिंबाजीनं खिशातून पक्कड काढली, वायरपासून पिन तोडली आणि वरच्या खिशात टाकली. "व्हय अप्पा. माझीच जोडणी कच्ची राहिली."

मन्मथअप्पानं त्याच्या थोबाडीत मारली. लिंबाजीनं गाल धरलासुद्धा नाही. "दोष माझा," एवढंच पुन्हा म्हणाला आणि निघून गेला.

शांत दिवस असते तर गोष्ट तिथं निवली असती. ते शांत दिवस नव्हते. बाजारात कुणीतरी म्हणालं, कच्ची कसली, मुद्दाम ठेवली असंल. दुसऱ्यानं ते पुढं नेलं. लिंबाजीच्या पाटीवर दगड पडले. रेडिओ यायचे थांबले, अंधार पडल्यावरचेसुद्धा. थोड्याच दिवसांत तो बायको पंचफुलाला घेऊन गाव सोडून गेला. दत्तराव एकदा भेटायला आले, रडले. नंतर त्यांनी कीबोर्ड घेतला म्हणे.

मला जाळून टाका असं सगळे म्हणत होते. नागूबाईनं जाळू दिलं नाही. मी माळ्यावर गेले, कांद्याच्या पोत्यांशेजारी. उंदरांनी माझी वायर खाल्ली, दमटपणानं तारा खाल्ल्या. खालून तराजूचा खणखणाट यायचा. ती चाल मात्र पुन्हा कधी आली नाही.

वर्षं गेली. ज्या वर्षी विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला, त्याच वर्षीच्या नवरात्रात मन्मथअप्पानं घरी टीव्ही घेतला. खंडेनवमीला परभणीचा मेकॅनिक जोडायला आला होता. त्याची बायको, नागूबाईची जाऊ, हळदीकुंकवाचं तबक घेऊन टीव्हीपाशी गेली.

"पिनेला नका लावू, काकू," मेकॅनिक म्हणाला. "विजेच्या जागी ओलं काही नको. ही तीन पायांची हाय, एकाच बाजूनं जाती. ते जुने रेडिओ लय वंगाळ. पिनेच्या एका अंगाला खूण करून ठेवावी लागायची. खुणेचं अंग खाली गेलं की पत्र्यात करंट. माणूस चिकटला की गेला."

माळ्यावरून मला दाराच्या उंबऱ्यात बसलेली नागूबाई दिसत होती. ती ज्वारी निवडत होती. तिचा हात सुपात तसाच राहिला.

"एकाच अंगाला?" तिनं विचारलं.

"एकाच. दोन्हीला करून कसं भागंल?"

तिनं सूप बाजूला सरकवलं. उजव्या हाताचं बोट पदराला पुसलं. पुन्हा पुसलं. बराच वेळ पुसत राहिली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं मला माळ्यावरून उतरवलं, जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि एसटीत बसली. विचारत विचारत पिंगळीच्या ह्या घरी आली. दार पंचफुलानं उघडलं. आधी ओळखलं नाही, ओळखल्यावर दार धरून उभी राहिली.

"लिंबाजीभाऊ हायेत का?"

"दोन वर्षं झाली जाऊन. आता काय राहिलंय घ्यायचं, बाई? गाव तर तुमीच घेतलं."

नागूबाई तिथंच उंबऱ्याबाहेर खाली बसली. मला मांडीवर घेऊन तिनं सगळं सांगितलं. मेण, कुंकू, अर्धं उघडं अंग. पंचफुला ऐकत राहिली. तिचा चेहरा असा होत गेला, जसा कुणी आतून विळ्यानं कापावा.

"म्हंजे जोडणी कच्ची नव्हती?"

"न्हाई."

"मला बी सांगितलं न्हाई त्या माणसानं," पंचफुला म्हणाली. "मी त्याला जन्मभर बोलले. भांडण झालं की म्हणायची, तुमच्या हातानं मित्र गेला, तुमच्या हातानं आपलं गाव गेलं. मरायच्या आदल्या दिवशी बी म्हणले. तो नुसता हसायचा."

ती आत गेली. लिंबाजीच्या हत्यारांचा पत्र्याचा डबा घेऊन आली. तळाशी, स्क्रू आणि तुटक्या वाल्व्हच्या खाली, कापडाच्या तुकड्यात ती पिन होती. मेणातलं कुंकू काळं पडलेलं, पण दोन्ही अंगाला शाबूत. "हे काय म्हणून जपलं म्हणून मी विचारलं होतं. म्हणला, कामाची वस्तू हाय."

नागूबाईनं पिन हातात घेतली. स्टेशनातून एक गाडी गेली, भिंत थरथरली.

"शिवरात्रीच्या सप्ताहात काल्याचं कीर्तन असतंय," शेवटी नागूबाई म्हणाली. "सारं गाव मांडवात असतंय. तिथं सांगते. तुमी या."

पंचफुला गेली. मी इथंच खुंटीला होते. परतल्यावर तिनं पदर खोचला, निळ्या कोटातल्या तसबिरीशेजारी लिंबाजीचा फोटो आहे, त्याच्यापुढं दिवा लावला आणि बोलायला लागली.

"ऐकलं का. तुमचं नाव घेतलं आज मांडवात. बुवांनी टाळ थांबवले. ती उभी राहिली, पिन हातात धरून, अन् बोलली सारं. माणसं खाली बघायलीती. काही उठून गेली. मन्मथअप्पा उठला, वाटलं हा बी चालला. तर माझ्यापाशी आला, लेकरावानी हुंदके देत, अन् पाया पडाया वाकला." ती थांबली. "मी म्हणलं, मला नका पडू. ज्याच्या पाया पडायचं तो न्हाई. त्याला मी बी तेच बोलत होते, जे तुमी बोललाव. तुमाला माफ करायला मी तरी हाय. मला कोण हाय?"

दिवा विझेपर्यंत ती तिथंच बसून होती.

मित्रांनो, वस्तूंवर माया करा. त्यांना पुसा, माळा घाला, कुंकू लावा. पण ती वस्तू काय आहे हे आधी विचारा. ज्याला ठाऊक आहे त्यानं घरातल्या सगळ्यांना सांगा, घोर नको म्हणून गिळून बसू नका. आणि कुणी मान खाली घालून दोष माझा म्हणाला, तरी त्यावर दगड उचलण्याआधी हातातली गोष्ट एकदा उलटी करून बघा. दुसऱ्या अंगाला काय आहे ते बघा. ताडकळसला ते एकाच माणसानं पाहिलं, आणि तो ते खिशात घालून निघून गेला.

नागूबाईनं मला इथंच ठेवलं. पंचफुलानं मांडवातून परत आणलेली ती पिन दोऱ्यानं माझ्या खुंटीला बांधली आहे. गाडी गेली की भिंत हलते, पिन हलते आणि माझ्या उरलेल्या दोन तारांना लागते. आता मी वाजते ती एवढीच.